सुताराची परवानगी

"यमुना, तो शब्द काय होता गं?"

"खरवस, सर. आणि पुढे एक्केचाळीस."

"हां, खरवस." नाडगौडा सरांनी एका बोटाने एकेक कळ शोधायला सुरुवात केली. सरांना मधुमेह होता. गोड खाणं बंद झाल्यापासून त्यांचे सगळे पासवर्ड गोडाचे असायचे. त्याआधी महिनाभर साटोरी होती आणि त्याच्याही आधी अनारसे.

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मिरजेतल्या एका संस्थेच्या ब्रेल छापखान्यात मी मुद्रितं तपासायचे. मी जन्मापासून अंध, त्यामुळे ठिपक्यांतली चूक माझ्या बोटाखालून सुटत नसे. सर आमचे व्यवस्थापक. ते डोळस होते, आधी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात होते आणि ब्रेलचं त्यांना अक्षरही येत नव्हतं. पासवर्ड दर महिन्याला बदलायचा आणि कुठेही लिहून ठेवायचा नाही, असा अध्यक्षांचा हुकूम होता. सरांच्या लक्षात काही राहत नसे. "तुम्हा लोकांची स्मरणशक्ती कशी तल्लख असते," असं म्हणून त्यांनी ते काम माझ्याकडे दिलं होतं.

आता हा पासवर्ड कशासाठी होता, तर मी परस्पर काही छापू नये यासाठी. म्हणजे जिच्यासाठी कुलूप, तिच्याच कमरेला किल्ली. यात काही विचित्र आहे असं सरांना कधी वाटलं नाही. मला वाटलं होतं, पण मी गप्प बसले.

आमच्या छपाई यंत्राला आम्ही सुतार म्हणायचो. कागदावर ठिपके उठवताना ते इतकं ठोकाठोक करायचं, की शेजारच्या वसतिगृहातल्या बायका दुपारी खिडक्या लावून घ्यायच्या. कॉम्प्युटरवर लिनक्स होतं. पुण्याची गार्गी नावाची इंजिनिअरिंगची मुलगी सुट्टीत येऊन ते घालून गेली होती, कारण त्यात पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज फुकट मिळतो. तिने व्यवस्था अशी लावली होती: मजकूर टाइप करणं, दुरुस्त करणं हे सगळं मी माझ्या नावाने करायचं. पण यूएसबीच्या केबलने जोडलेला सुतार माझं ऐकणार नाही. सरांनी पासवर्ड टाकला, की तो तेवढ्यापुरता माझ्यासाठी उघडणार. केबल काढून पुन्हा लावली, की परवानगी आपोआप जाणार.

हे शेवटचं वाक्य सरांना फार आवडलं होतं. रोज पाच वाजता ते खुर्ची सरकवून उठायचे, केबल काढायचे, तिच्या तोंडावर फुंकर मारायचे आणि पुन्हा खुपसायचे. सुतार एकदा 'ठाक' करायचा. मग सर म्हणायचे, "झालं बंद. शिस्त म्हणजे शिस्त."

छापखाना सुरू झाल्यापासून सहा वर्षांत आम्ही संतचरित्रं, आरोग्यपुस्तिका आणि व्याकरण सोडून काही छापलं नव्हतं. वसतिगृहात चौदा जणी होत्या. कुणी टेलिफोनचं काम शिकायच्या, कुणी खुर्च्यांना वेत विणायच्या. संध्याकाळी पुस्तक मागायला आल्या, की एकच धोशा असायचा: "काहीतरी खुनाबिनाचं नाही का?"

मी सरांना विचारून पाहिलं.

"अंध भगिनींना सद्विचार हवेत," सर म्हणाले.

"सर, तुम्ही काय वाचता?"

"मी? मी वर्तमानपत्र वाचतो."

"त्यात खून असतात."

"ते खरे असतात," सर म्हणाले आणि विषय संपला.

माझा संपला नव्हता. कारण तोवर मी एक गोष्ट लिहायला घेतली होती. नाव होतं 'ऑपरेटर नंबर नऊ'. एका साखर कारखान्याच्या चेअरमनचा भरदुपारी खून होतो, आणि टेलिफोनवर बसणारी एक अंध मुलगी केवळ आवाजांवरून खुनी शोधते, अशी ती गोष्ट. पहिलं प्रकरण टाइप करून झालं तेव्हा माझ्या अंगात वारं भरलं होतं. मी छापायची आज्ञा दिली. कॉम्प्युटर आपल्या पत्र्याच्या आवाजात म्हणाला, "परमिशन डिनाइड."

सरांच्या नावाने आत शिरून छापता आलं असतं. पासवर्ड तर मीच सांभाळत होते. पण त्यांच्या खात्यात प्रत्येक छपाईची नोंद राहायची. शिवाय माझी गोष्ट दुसऱ्याच्या नावाने छापायला माझं मन धजेना. ती मला माझ्याच नावाने छापायची होती. हेही सांगते, की मी तेव्हा हंगामी होते. मार्चमध्ये कायम करायचं की नाही ते सरांच्या शिफारशीवर ठरणार होतं. पकडले गेले असते तर गावी जाऊन भावजयीच्या हाताखाली बसावं लागलं असतं, आणि ती कल्पनाच मला सहन होत नव्हती.

तरी मी गार्गीला फोन लावलाच. जेवणानंतरची वेळ होती.

"म्हणजे सुतार कायमचा उघडा ठेवायचाय?" ती म्हणाली. "त्यासाठी एक नियम लिहावा लागेल. सरांना विचारलंय ना ताई?"

"सर इथे समोरच आहेत."

ते अगदी खरं होतं. सर समोर खुर्चीत होते आणि घोरत होते.

"मग द्या ना त्यांना फोन."

"ते जरा विचारात आहेत."

गार्गी हसली. तिला काय समजलं कोण जाणे, पण तिने सांगायला सुरुवात केली. यूएसबीला जे जे जोडलेलं असतं त्याचे दोन आकडे असतात, एक कंपनीचा आणि एक यंत्राचा. ते विचारायची आज्ञा तिने सांगितली, कॉम्प्युटरने आकडे वाचून दाखवले. मग नियमांच्या कपाटात एक नवी फाइल करायची आणि तीत एकच ओळ लिहायची: या आकड्यांचं यंत्र जोडलं गेलं, की ते अमक्याला वापरू दे.

"शेवटी शून्य सहा सहा सहा लिहिलं, तर या कॉम्प्युटरवर जो कोणी बसेल त्याला ते वापरता येईल," ती म्हणाली. "एवढं मोकळं ठेवणं काही बरं नाही हं, ताई."

"इथे मी एकटीच बसते."

मी ओळ लिहिली. फाइल जपून ठेवायला पासवर्ड मागितला गेला. मी 'खरवस एक्केचाळीस' टाकला आणि तोंडाला पाणी सुटलं.

"आता केबल काढून परत लावा," गार्गी म्हणाली. "त्याशिवाय नियम लागू व्हायचा नाही."

इथे मी अडकले. केबल लावली, की सुतार 'ठाक' करणार आणि सर जागे होणार. मी फोन ठेवला आणि मुकाट्याने व्याकरणाची मुद्रितं पुढे ओढली.

पाच वाजले. सर उठले. त्यांनी केबल काढली, फुंकर मारली आणि पुन्हा खुपसली. ठाक.

"झालं बंद," ते म्हणाले.

त्याच ठाकेने सुतार माझ्यासाठी उघडला होता. मला इतकं हसू आलं, की मी पदर तोंडात कोंबून हात धुवायला पळाले.

दर गुरुवारी अकरा ते एक सर पार्सलं घेऊन पोस्टात जायचे. अंधांची पुस्तकं टपालाने फुकट जातात, पण पोस्टातला माणूस प्रत्येक पार्सल उघडून बघायचा, त्यामुळे दोन तासांची निश्चिंती होती. पहिल्या गुरुवारी सरांची चप्पल जिन्यावरून खाली गेली आणि मी आज्ञा दिली. सुतार ठोकायला लागला. बांधणीच्या टेबलावरून शकीला धावत आली. शकीला मुलाणीला एका डोळ्याने थोडंसं दिसायचं. पानं शिवायचं काम तिचं.

"अक्का, सर न्हाईत आणि हे कसं काय चालू झालं?"

"चालू झालं खरं."

"काय छापायलीस?"

"खून."

यंत्रातून आलेलं पहिलं पान शकीलाने ओढून घेतलं. मग म्हणाली, "किती प्रती शिवू?"

तीन प्रती शिवल्या. दर आठवड्याला एक प्रकरण असा क्रम ठरला. तिसऱ्या प्रकरणापर्यंत वसतिगृहात रात्रीच्या जेवणाला कुणी वेळेवर येईना. चौथ्यानंतर दोघींचं भांडण झालं आणि एकीने दुसरीच्या आमटीत मीठ ओतलं, कारण तिने चेअरमनच्या बायकोवर संशय घेतला होता. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

सगळ्यांचा खरा संशय मात्र कारखान्याच्या व्यवस्थापकावर होता. तो मी मोठ्या प्रेमाने रंगवला होता. तो रोज पाच वाजता टेलिफोनच्या बोर्डाची तार उपसायचा, तिच्यावर फुंकर मारायचा आणि "शिस्त म्हणजे शिस्त" म्हणायचा. तो चोरून गोड खायचा. त्याच्या एका चपलेचा आवाज दुसरीपेक्षा जड यायचा. शेवटच्या, सहाव्या प्रकरणात त्याच्या हातात बेड्या पडणार होत्या.

पाचवं प्रकरण छापून दोन आठवडे झाले असतील, पण सहावं अजून माझ्या मनासारखं जमत नव्हतं. सर एक पत्र घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"सोलापूरकडचं दिसतंय. ब्रेलमध्ये आहे. वाच बघू मोठ्याने."

मी बोटं ठेवली आणि पहिल्याच ओळीवर अडले. कुणी हणमंत चिट्टे म्हणून निवृत्त शिक्षक होते. त्यांनी लिहिलं होतं: 'आपली मधुमेहाची पथ्ये ही पुस्तिका मिळाली. पान अठ्ठेचाळीसवर कारल्याच्या रसानंतर अचानक चेअरमनच्या खोलीत पिस्तूल सापडते, ते कसे? कृपया पुढील भाग त्वरित पाठवा. जेवण जात नाही.'

शकीलाने पाचव्या प्रकरणाची पानं पथ्यांच्या गठ्ठ्यात शिवून टाकली होती.

"काय म्हणतो?" सर म्हणाले.

"म्हणतात, पुस्तिका अत्यंत उपयुक्त आहे."

"आणखी?"

"कारल्याच्या रसाने फार गुण आला."

"एवढं मोठं पत्र आणि एवढंच?"

"ब्रेलला जागा फार लागते, सर."

"बरं," सर म्हणाले. त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. मी त्या दिवशी जेवले नाही. शकीलाला वाटेल ते बोलले. तीही रडली, मीही रडले.

गुरुवार आला. शेवटचं प्रकरण तयार होतं. सरांची चप्पल खाली गेल्यावर मी आज्ञा दिली.

"परमिशन डिनाइड."

पुन्हा दिली. पुन्हा तेच. मी नियमांच्या कपाटातली ती फाइल उघडली. वाटलं होतं, ती रिकामी असेल. नव्हती. माझी ओळ जशीच्या तशी होती, फक्त तिच्या सुरुवातीला दोन आडव्या आणि दोन उभ्या रेघांची ती एक खूण टाकलेली होती. ज्या ओळीपुढे ती खूण असते ती ओळ कॉम्प्युटर वाचत नाही, सोडून देतो. ती फक्त माणसांसाठी उरते. कुणीतरी माझा नियम पुसला नव्हता, निजवला होता.

आणि त्याखाली तशीच खूण करून आणखी एक ओळ मराठीत लिहिलेली होती. पत्र्याच्या आवाजाने ती मला वाचून दाखवली:

'खून व्यवस्थापकाने केलेला नसावा असे एका वाचकाचे मत आहे. पुरावे अपुरे आहेत.'

मी ती तीनदा ऐकली. मग हाक मारली, "शकीला! सरांना ब्रेल येतं?"

सुईचा आवाज थांबला.

"मला शपथ घातली होती गं अक्का त्यांनी," ती म्हणाली. "दुसऱ्या प्रकरणालाच पकडलंनी मला. पान हातात धरून म्हटले, हे काय हाय ते मला वाचता आलं पायजे. तवापास्नं रोज तू गेल्यावर बसत्यात. खिडकीपाशी कागद तिरपा धरून एकेक ठिपका मोजत्यात. आदी तुला पकडायसाठीच शिकायले होते. मग चौथ्या प्रकरणाला मला म्हटले, पुढचं लवकर शिव."

"आणि तिसरी प्रत?"

"त्यांचीच की. वसतिगृहात दोनच जात्यात."

म्हणजे ते सोलापूरचं पत्र त्यांनी माझ्याकडे आणायच्या आधीच वाचलं होतं. मी कारल्याच्या रसाची स्तुती करत असताना ते ओळीवर नजर ठेवून उभे होते. लाजेने माझे कान तापले. आणि खरं सांगते, लाजेच्या खाली कुठेतरी मला भयंकर आनंद झाला होता. छप्पन्न वर्षांचा, साखरेचा रोगी, टाइम ऑफिसात आयुष्य काढलेला माणूस माझी गोष्ट वाचण्यासाठी ठिपके शिकत होता.

एक वाजता सर आले. पासवर्ड त्यांनी मला न सांगता बदललेला नव्हता. मी खूण काढून टाकली असती तर सुतार लगेच चालू झाला असता, हे त्यांनाही माहीत असणार. निदान गार्गीने सांगितलं असणारच, कारण ही खूण करायची अक्कल त्यांना दुसरं कोण देणार? तरी ते वर्तमानपत्र उघडून बसले. मी व्याकरणाची मुद्रितं पुढे ओढली.

पण मला त्यांची ओळ बोचत होती. मी प्रकरण पुन्हा वाचून काढलं आणि मनात म्हटलं, मेला बरोबर बोलतोय. बेड्या पडत होत्या त्या केवळ मला पाडायच्या होत्या म्हणून. जड चप्पल आणि चोरून खाल्लेला पेढा यांवर कुणाला फासावर चढवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सहज विचारावं तसं विचारलं, "सर, तुम्ही पोस्टात कुठल्या रस्त्याने जाता?"

सरांची खुर्ची करकरली. "का?"

"सहज."

"लक्ष्मी मार्केटवरून. सरळ. मध्ये कुठे थांबत नाही."

"आणि परत येताना?"

"तसाच. माझ्याकडे पोस्टाचा शिक्का असतो वेळेसकट," सर म्हणाले. मग घसा साफ करून, "एखादा माणूस शिस्तीचा असला म्हणजे तो वाईटच असतो असं नाही, यमुना."

"नाही सर. पण शिक्का दुसऱ्याच्या हाताने मारून घेता येतो का हो?"

सरांची खुर्ची पुन्हा करकरली.

"येतो," ते शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज अगदी पडला होता. "पोस्टातला माणूस ओळखीचा असेल तर येतो."

मी आठवडाभर खपले. शिक्का आणला, पोस्टातला माणूस आणला, टेलिफोनवर ऐकू आलेला त्या शिक्क्याचा आवाज आणला. शेवटी व्यवस्थापकाला सुटायला सुईएवढी फट ठेवली नाही. शकीलाने ऐकलं आणि म्हणाली, "अक्का, नको. दुसऱ्या कुणाला तरी फासाव दे. मार्च आलाय. तुझी नोकरी त्यांच्या हातात हाय."

"त्यांनी पुरावे अपुरे आहेत म्हटलं. मी पुरावे दिले."

"ते सोड म्हणालेत त्याला!"

"मला कळतंय गं. पण खून त्यानेच केलाय, त्याला मी काय करू?"

मार्चची भीती होती, भावजयीचा चेहरा कधी बघितला नसला तरी तो डोळ्यांसमोर येत होता. तरीही गुरुवारी सर जिना उतरल्यावर मी ती खूण काढली. केबल मी स्वतःच उपसली, फुंकर मारली आणि लावली. ठाक. सुतार वीस मिनिटं ठोकत राहिला. शकीलाने न बोलता तीन प्रती शिवल्या आणि तिसरी मी स्वतः नेऊन सरांच्या टेबलावर ठेवली, उघड्यावर, मधोमध.

ते आले, बसले. कागदाची पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. ब्रेल डोळ्यांनी वाचायला नवशिक्याला फार वेळ लागतो. तीन वाजले, चार वाजले. मी व्याकरणाचं एकच पान चार वेळा तपासलं. पाच वाजता सर उठलेच नाहीत. आम्ही दोघी चपला घालून निघालो तेव्हा शकीला माझ्या कानात म्हणाली, "खिडकीपाशी बसल्यात. शेवटचं पान हाय."

सकाळी मी सगळ्यांच्या आधी आले. बसल्याबसल्या ती फाइल उघडली. पत्र्याचा आवाज वाचू लागला:

'वाचले. शेवट वाचकास मान्य नाही. पुरावे मात्र चोख आहेत, त्यामुळे इलाज नाही. कायम करण्याची शिफारस काल अध्यक्षांकडे पाठवली. चिट्टे गुरुजींना सहावे प्रकरण उद्याच्या टपालाने रवाना होईल. नवीन गोष्ट कधी?'

आणि त्याखाली माझा नियम, पुढे कुठलीही खूण नसलेला. मी सुताराला एक कोरा कागद दिला, तर तो मुकाट्याने ठोकायला लागला. मी हसत होते की रडत होते ते मला सांगता यायचं नाही. त्यानंतर माझी सात पुस्तकं निघाली, त्यांवर पुष्कळांची पत्रं आली, पण वाचकाचं पहिलं पत्र ते. त्याच दुपारी मी दुसरी गोष्ट सुरू केली. तीत नाडगौडा सर पुन्हा होते. त्यांचा मी पहिल्याच पानावर खून केला, म्हणजे निदान या वेळी त्यांच्यावर कुणी संशय घेणार नाही.